चीक

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे गाय व्याली, ही काही लेख लिहिण्याजोगी गोष्ट नव्हे. मावळात या दिवसांत कुणाची ना कुणाची गाय व्यालेली असतेच. आणि जिच्या घरी ती व्यालेली असते त्या बाईच्या ओटीवर सकाळपासून तांबे, गडवे, स्टीलचे डबे घेऊन माणसे येऊन बसतात. चीक मागायला लाजायचे नसते आणि द्यायला नाही म्हणायचे नसते, असा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. खरवसाची चव ज्याच्या जिभेवर आहे त्याला मी आणखी काय सांगावे! मी लिहायला बसलो आहे तो अशाच एका तांब्याबद्दल. तो आमच्या दारात १९९३ सालच्या दिवाळीत आला होता.

आमचे बेडसे गाव कामशेतच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. वर डोंगरात लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात शहरातली मंडळी येतात, पायऱ्या मोजत वर जातात, उंच खांबांवर कोरलेले बैल, घोडे, हत्ती बघून 'वा वा' म्हणतात आणि उतरून चहा पितात. खाली आमची भातखाचरे. पावसाच्या पाण्यावर एक भात घ्यायचे, आणि भाताच्या मागे जो पेंढा उरतो तो जनावरांना घालायचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी तांदूळ निघाला आणि आमच्या भाताला पुण्याच्या बाजारात वास आला, म्हणजे किंमत आली. पण भाताचे पैसे वर्षातून एकदा. रोजच्या मीठमिरचीला दूध पाहिजे.

दूध पाहिजे म्हटल्यावर गावठी गायीने भागत नसे. ती दिवसाला दोन-अडीच लिटर देणार, त्यातले निम्मे वासरू पिणार. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली 'बायफ' ही संस्था काढली आणि जर्सी, होल्स्टिन अशा परदेशी रक्ताच्या संकरित गायी हळूहळू पुणे जिल्ह्यातल्या दावणींना दिसू लागल्या. आमच्या दावणीला तशी गाय १९९१ साली आली. सरकारी योजनेतून, बँकेचे कर्ज काढून. वडिलांनी तिचे नाव चंद्री ठेवले. तिच्या कपाळावर चांदवा वगैरे काही नव्हता. पण वडिलांना ती चंद्रासारखी दिसत असावी. कर्जाचे कागद ते देव्हाऱ्यात ठेवीत, हे मला पक्के आठवते.

१९९३ साली मी चौदा वर्षांचा होतो. किल्लारीचा भूकंप होऊन दीडएक महिना झाला होता. शाळेतून आम्ही जुने कपडे नि धान्य गोळा करून पाठवले होते. त्या दिवाळीत, वसुबारसेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी चंद्री तिसऱ्यांदा व्याली. कालवड झाली. घरात आनंदी आनंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या आळीतल्या एक मावशी चीक मागायला आल्या. नाव लिहीत नाही. आमच्याकडे सगळे त्यांना मावशीच म्हणत. तरुणपणी नवरा गेलेला, एकुलती लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. डोळे घारे. मावळात घारे डोळे क्वचित दिसतात, म्हणून ते लोकांच्या ध्यानात राहतात, आणि ध्यानात राहणे हे काही वेळा बाईमाणसाला महागात पडते.

आईने तांब्याभर चीक दिला. मावशी गोठ्याशी थांबल्या, चंद्रीकडे बघून म्हणाल्या, ''बाई, बाई! काय कास हाये! रांजनच जनू!''

एवढेच. दिवस मावळायच्या सुमारास चंद्रीचे मागचे पाय लटपटू लागले. तास-दोन तासांत ती खाली बसली आणि मान वळवून तिने कुशीवर टाकली, झोपलेल्या कुत्र्यासारखी. कान गार पडले. नाकावर एरवी दंवासारखे थेंब असतात, ते सुकले. वडील कंदील घेऊन तिच्याशी बसले. कुणीतरी देवऋषाला आणले. लिंबू झाले, मिरच्या झाल्या, मीठमोहऱ्या झाल्या. मिरच्यांचा खाट आला नाही तेव्हा 'लागली आहे' हे सगळ्यांना एकदम पटले. पहाटे चंद्री आडवी झाली, पोट फुगले आणि ती गेली. उजाडले ती वसुबारस. आमच्या ओटीवर आळीतल्या बायका सवत्स गायीची पूजा करायला हळदकुंकवाची ताटे घेऊन आल्या होत्या. त्या तशाच परत फिरल्या.

''तिनं कास बघितली,'' वडील म्हणाले. ते फारसे बोलत नसत. म्हणून त्यांचा शब्द गावात चाले.

पुढचे थोडक्यात सांगतो. मावशींना लोकांनी दाराशी उभे करणे सोडले. कुणाची म्हैस व्यायली की गोठ्याच्या तोंडाला गोणपाट लावायचे, का, तर त्यांची सावली यायला नको. लेक बाळंतपण आटोपून सासरी गेली ती पुन्हा सणाला आली नाही, असे म्हणत. आमच्या घरी चंद्री गेली तरी कर्ज गेले नव्हते. मी १९९५ साली मॅट्रिक झालो, म्हणजे आताच्या भाषेत दहावी. गुण बरे होते. पण कॉलेजचे नाव काढायची सोय नव्हती. हप्ते होते. एका खाजगी शाळेत आधी कारकुनाच्या हाताखाली आणि मग खालच्या वर्गांना शिकवायला म्हणून मी चिकटलो, तो अजून तिथेच आहे. शहाण्या माणसांच्या बैठकीत माझे शिक्षण विचारले गेले की माझ्या डोळ्यांपुढे आजही आधी शाळा येत नाही. घारे डोळे येतात.

आणि मी कादंबरीकार झालो. न शिकलेल्या माणसाला लिहिण्याची खाज अधिक असते की काय कोण जाणे. माझी दुसरी कादंबरी २०११ साली निघाली. तीत एक गाय आहे, एक कर्ज आहे, आणि एक घाऱ्या डोळ्यांची विधवा आहे. ती चीक मागायला येते. पुढचे तुम्ही ओळखले असेल. ते प्रकरण मी एका रात्रीत लिहिले आणि लिहून झाल्यावर मला बरे वाटले. जिल्ह्यातल्या एका संस्थेने बक्षीस दिले. 'ग्रामीण जीवनाचे अस्सल दर्शन' असे एका परीक्षणात छापून आले. आमच्या गावात कादंबऱ्या कुणी वाचत नाहीत असा माझा समज होता.

दोन वर्षांनी, २०१३ साली, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. शाळेत मुलांना त्याची माहिती द्यायचे काम माझ्याकडे आले. कायद्याच्या शेवटी अनुसूची आहे, तीत कोणकोणती कृत्ये गुन्हा ठरतात ते दिले आहे. अमुक एक माणूस करणी करतो, किंवा मंत्रतंत्राने जनावराची दूध देण्याची शक्ती कमी करतो, असे भासवून त्याच्याविषयी संशय पसरवणे, हेही तीत आहे. मी ते मुलांना मोठ्याने, स्पष्ट उच्चारात वाचून दाखवले. त्यात कादंबरीकारांचा उल्लेख नाही.

आता गेल्या दिवाळीकडे येतो.

आमच्याकडे सध्या हरणी आहे. जर्सीच्याच वंशाची. माझ्या पगारात घर चालत नाही, दुधावर चालते, हे सांगण्यात कमीपणा नाही. हरणीचे हे चौथे वेत. चंद्रीची आठवण मनात असल्यामुळे मी तिच्या गाभणपणात कसलीच हयगय केली नाही. भाताच्या पेंढ्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते आणि जनावराच्या अंगी लागू देत नाही, असे मी कुठेतरी वाचले होते. आमची जनावरे तर पेंढ्यावरच जगतात. तेव्हा शेवटचे दोन महिने मी हरणीला दुकानातून आणलेले कॅल्शियमचे पातळ औषध रोज नेमाने पाजले. आई म्हणे, ''लेकराला बाळकडू पाजावं तसं पाजतोय.'' मला ते भूषण वाटे.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी पहाटे हरणी व्याली. कालवडच. आईचा नियम असा की वार पडल्याशिवाय वासराला चीक पाजायचा नाही. तो मात्र मी मोडला. वासराच्या अंगात आईच्या रक्तातून रोगाशी लढणारी द्रव्ये जन्माआधी येत नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात. आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट पहिले काही तास सताड उघडी असते, पुढे ती मिटत जाते आणि दिवसभरात बंद होते, हे मला डेअरीच्या एका शिबिरात कळले होते. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याला द्यावा, त्यातला निदान अर्धा पहिल्या एक-दोन तासांत. मी घड्याळ लावून पाजला. आई रागावून आत गेली.

एवढे सगळे शहाणपण करून सकाळी आठ वाजता मी काय केले, तर ओटीवरचे सगळे डबे आत आणवले आणि हरणीची कास शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली. अकरा डबे होते. शाळेतले सहकारी, डेअरीचा लेखनिक, पुण्याहून आलेले मेहुणे. कुणाला नाही म्हणायचे? दहा लिटर चीक निघाला. लोक माझी वाहवा करीत गेले.

रात्री नऊच्या सुमारास गोठ्यात धप्प असा आवाज झाला. जाऊन बघतो तो हरणी बसलेली. उठवायला गेलो, उठेना. मग तिने मान वळवली आणि कुशीवर टाकली.

एकतीस वर्षांपूर्वीची ती मान मी ओळखली. माझ्या हातापायांतले बळ गेले. आई मागे येऊन उभी राहिली होती. तिने काही न बोलता आत जाऊन मूठभर मीठमोहऱ्या आणल्या, हरणीवरून उतरल्या आणि मला विचारले, ''सकाळी कोन कोन आलं व्हतं?''

खोटे कशाला सांगू? मी मोजू लागलो. ज्याने कायद्याची अनुसूची मुलांना वाचून दाखवली तो मी, अंधारात उभा राहून अकरा डब्यांचे अकरा चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे आणत होतो, आणि त्यांतला कोणता हरणीकडे जरा जास्त वेळ बघत होता ते आठवत होतो. सातव्या चेहऱ्याशी मी थांबलो. थांबलो म्हणजे मला काही ज्ञान झाले असे नव्हे. तेवढ्यात बायकोने मोबाइल आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ''आधी डॉक्टरांना लावा.''

डॉक्टर म्हणजे बाई. वय असेल अठ्ठावीस-तीस. मोटारसायकलवरून अर्ध्या-पाऊण तासात आल्या. हरणीचा कान हातात धरला, डोळ्यांवर विजेरी टाकली, छातीला नळी लावली. ''किती वेत, सर?'' ''चौथे.'' ''चीक किती काढला?'' मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, बोलल्या नाहीत. बायकोला म्हणाल्या, ''ताई, गरम पाणी द्या थोडं.'' पिशवीतून एक मोठी बाटली काढली, साडेचारशे मिलिलिटरची, आणि ती पाण्यात कोमट करायला ठेवली. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट. मानेच्या शिरेत सुई घालून त्यांनी ते सोडायला सुरुवात केली, अगदी सावकाश. एक हात बाटलीला, एक कान नळीला. कारण घाईने गेले तर हेच औषध हृदय थांबवते. मी कंदील धरावा तशी विजेरी धरून उभा होतो. कंदील धरून वडील जिथे बसले होते तीच ही जागा.

बाटली अर्धी झाली असेल. हरणीच्या अंगावर शहारे येऊ लागले. मग तिने एक लांब ढेकर दिली. मग शेण टाकले. तिच्या नाकावर दंव आले. बाटली संपून दहा मिनिटे झाली नसतील, तोच ती मागचे पाय झाडून, एक हेलकावा खाऊन, उभी राहिली आणि काही झालेच नाही अशा थाटात गव्हाणीतला पेंढा ओढू लागली. आई भिंतीला टेकून बघत होती. तिच्या मुठीत अजून मोहऱ्या होत्या.

हात धुता धुता डॉक्टरबाईंनी मला जे सांगितले, आणि पुढे त्यांनीच दिलेल्या पुस्तकातून जे मी वाचले, ते माझ्या मास्तरी भाषेत असे : गायीच्या रक्तात एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम कॅल्शियम असते. लिटरभर चिकात ते दोन ग्रॅमांहून अधिक जाते. म्हणजे मी सकाळी दहा लिटर पिळले तेव्हा रक्तात असते त्याच्या सात-आठ पट कॅल्शियम डब्यांत भरून लोकांना वाटले. हाडांत त्याची सहा-सात किलोंची तिजोरी असते. पण तिजोरी उघडायला मानेतल्या इवल्याशा ग्रंथींनी हुकूम सोडावा लागतो, आणि हुकूम अमलात यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात स्नायू ढिले पडतात, आतडी थांबतात, अंग गार पडते, आणि शेवटी हृदयही स्नायूच. वय झालेल्या गायीची तिजोरी आणखी जड उघडते. जर्सी जातीला हा आजार अधिक. त्याला 'दुग्धज्वर' म्हणतात, आणि गंमत अशी की त्यात ज्वर नसतोच. उलट गाय थंड पडते. नाव ठेवणाऱ्याने कानाला हात लावून पाहिला नसावा.

''पण मी दोन महिने कॅल्शियम पाजत होतो,'' मी म्हणालो.

''म्हणूनच, सर,'' त्या म्हणाल्या. ''रोज आयतं मिळतंय म्हटल्यावर त्या ग्रंथी झोपून जातात. खिसा भरलेला असला की तिजोरीची किल्ली कुठे आहे ते कोण लक्षात ठेवतं? दुधात असताना द्या की. विण्याच्या आधी तीन आठवडे मात्र हात आखडता ठेवायचा, आणि व्यायली की लगेच पाजायचं. आणि पहिल्या दिवशी एवढी रिकामी नाही करायची.''

म्हणजे मायेने पाजले आणि मायेनेच पाडले. मी ओशाळून हसलो असेन. त्यांनी कातडीखाली टोचायची दुसरी बाटली भरली. एकदा उठलेली गाय दिवसा-दोन दिवसांत पुन्हा बसू शकते, म्हणून तोवर वासरापुरतेच दूध काढायचे असे बजावले.

मग मी न राहवून त्यांना चंद्रीची हकीकत सांगितली. त्या वेळी असे औषध होते का, हेही विचारले. प्रश्न वेडगळ होता हे मला नंतर कळले. एडिंबरोच्या ग्रेग आणि ड्रायर यांनी या आजाराचा संबंध कॅल्शियमशी आहे हे १९२५ साली मांडले आणि १९३० च्या सुमारास त्याची सुई वापरात आली. चंद्री मेली तेव्हा ते औषध साठ वर्षांचे जुने होते. पण डॉक्टरबाईंनी त्या रात्री सांगितलेली दुसरी गोष्ट मला अधिक लागली. औषध नव्हते तेव्हाही गायी वाचत असत, म्हणाल्या. डेन्मार्कमध्ये कोल्डिंग गावचा श्मिट नावाचा पशुवैद्य होता. कासेत काही विष तयार होत असावे असे समजून तो १८९७ साली कासेतच औषध भरू लागला. समजूत चुकीची, गायी मात्र उठू लागल्या. चार वर्षांनी अँडरसन नावाच्या दुसऱ्या एकाने दाखवले की औषध नको, नुसती स्वच्छ हवा भरली तरी चालते. हवेने कास ताणली की दूध उतरणे थांबते, दूध थांबले की रक्तातले कॅल्शियम जायचे थांबते. त्याआधी निम्म्याहून अधिक गायी दगावत; त्यानंतर फार थोड्या.

''आपल्याकडेही जुने लोक करायचे,'' त्या म्हणाल्या. ''सायकलच्या पंपाने. आता नाही कुणी करत, घाण आत गेली की कास सडते. पण मरण्यापेक्षा बरं.''

१९९३ साली आमच्या घरी सायकल होती. वडील तिच्यावरून डेअरीत दूध घालीत. पंप गोठ्याच्याच खुंटीवर असे. कंदील त्या रात्री त्याच खुंटीला, त्या पंपाच्या शेजारी टांगला होता.

मी पुढे बरेच वाचले. माझा स्वभावच तसा. एक धागा मिळाला की ओढत बसतो. म्हैस व्यायल्यावर तीन-चार आठवड्यांनी तांबडी लघवी करू लागते, तिला आमच्याकडे सरळ करणी म्हणत. तिला रक्तातले फॉस्फरस घटणे कारण असते. तांबड्या पेशी फुटतात आणि लघवीवाटे जातात. पुष्कळ दूध देणारी गाय व्यायल्यावर दोन-तीन आठवड्यांत खाणे टाकते, वाळत जाते, तोंडाला गोडसर वास येतो. तिला खायला मिळते त्यापेक्षा दुधात जास्त जाते आणि ती स्वतःची चरबी जाळीत बसते. अशा गायीला आम्ही गूळ चारतो. तो गूळ तिच्या पोटातले जंतूच आधी खाऊन टाकतात, तिच्या रक्तात थेट साखर म्हणून काही पोचत नाही. साखर शिरेतून द्यावी लागते. हे सगळे आजार एका जातीचे. जंतूंचे नव्हेत, देण्याघेण्याच्या हिशेबाचे. आणि हे सगळे पडतात केव्हा, तर गाय व्यालेली असताना, घरात आनंद असताना, दाराशी माणसे येत असताना. चांगल्या गायीलाच पडतात, हेही त्यात आले. मोठ्या कासेच्या गायीकडे बघून कुणीही तोंड भरून बोलणारच. मावशी 'रांजण' म्हणाल्या होत्या. डॉक्टरबाई असत्या तर त्याही कास बघून काळजीने तेच म्हणाल्या असत्या, फक्त सोबत बाटली घेऊन आल्या असत्या.

भाऊबिजेच्या दिवशी मी खरवस घेऊन मावशींकडे गेलो. तिसऱ्या दिवसाच्या दुधाचा, म्हणजे नावाचाच खरवस. आईला सांगून गेलो. ती म्हणाली, ''औशिदानं उठली हे खरं. नजर न्हवती असं कोन म्हनलं?'' पण मला अडवले नाही तिने.

मावशी आता ऐंशीच्या घरात. कमरेत वाकल्या आहेत. नात त्यांच्याजवळ राहते. तिथल्याच शाळेत शिकून आता कामशेतला नोकरीला आहे. ती नात म्हणजे ९३ सालच्या बाळंतपणातलीच मुलगी, हे माझ्या तिथे बसल्यावर ध्यानात आले. मी वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. लेखकाला वाक्ये जुळवण्याची सवय असते. मी हरणीचे सांगितले, बाटलीचे सांगितले, चंद्रीला तोच आजार होता हे सांगितले. त्या ऐकत होत्या की नाही कळेना. कानाने कमी झाल्या आहेत. मग मी मोठ्याने म्हणालो, ''मावशी, तुमचा काही दोष नव्हता.''

''त्ये म्या तवाच सांगितलं व्हतं,'' त्या म्हणाल्या.

मी गप्प. काय बोलणार!

''तू बुक लिवलंस न्हवं? हिनं वाचून दावलं मला.'' त्यांनी नातीकडे हात केला. नात भिंतीकडे बघत होती. ''डोळं बराबर लिवलंस. घारं. बाकी मी येवडी उंच न्हाई.''

मी खाली बघत होतो. जमिनीवर माझा डबा होता. त्यांनी तो अजून घेतला नव्हता.

''त्यो चीक,'' बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ''चुलीवर ठिवला व्हता. गूळ घातला व्हता, येलदोडा न्हवता. लेक वाट बघत बसल्याली. तुमची गाय बसली म्हनून आलीवाली सांगत आली. मग म्या त्यो उकिरड्यावर वतला. पोरीनं न्हाई खाल्ला, म्याबी न्हाई. मानसं म्हनत्याल, गाय खाऊन वर खरवस खाल्ला.''

बाहेर भात झोडपायला आणलेली मंडळी ओरडत होती. इंद्रायणीचा वास सुटला होता. नातीने चहा आणला. चहा पिऊन होईतो कुणी काही बोलले नाही, आणि मी त्या जुळवलेल्या वाक्यांतले एकही वापरले नाही.

निघायला उठलो तेव्हा मावशींनी विचारले, ''वासरू काय?''

''कालवड.''

''आदी तिला पाजलास का चीक? का समदा वाटलास?''

''आधी तिला पाजला. व्यायल्याबरोबर. वार पडायच्या आधी.''

''वार पडायच्या आदी?'' त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट वर बघितले. डोळ्यांवर आता मोतीबिंदूचा पडदा आहे; रंग नीटसा कळत नाही. ''आनि तुझ्या आईनं पाजू दिलं?''

''रागावली.''

''रागवंल तर,'' त्या म्हणाल्या, आणि डबा स्वतःकडे ओढून घेऊन नातीला म्हणाल्या, ''वाटी आन गं.''